प्रस्तावना : चाओझोउचे पेले, चीनचा चहा

दक्षिण चीनच्या किनाऱ्यालगत, ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व टोकाला चाओझोउ नावाचे जुने शहर आहे. तिथे दुकानाच्या गल्ल्यामागे, दुरुस्तीच्या टपरीत, घराच्या दारात दिवसातून कितीतरी वेळा एकच कृती चालू असते. मुठीत मावेल एवढे लाल मातीचे भांडे, त्यात गच्च भरलेली फेंगहुआंग डोंगरावरची चहाची पाने, नुकतेच उकळी फुटलेले पाणी आणि घोटभर चहा मावेल असे तीन पेले. माणसे चार असोत की सहा, पेले तीनच. ज्याच्यापुढे पेला येतो तो आधी दुसऱ्याला आग्रह करतो. रिकामा पेला उकळत्या पाण्यात फिरवून पुढच्याला दिला जातो. ओतण्याचीही एक रीत आहे. पेले एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि भांडे त्यांच्यावरून गोल फिरवत राहायचे, म्हणजे एकाच्या वाट्याला फिका आणि दुसऱ्याच्या वाट्याला कडक चहा येत नाही. या फिरवण्याला तिथे ‘ग्वान यू नगरात गस्त घालतो’ असे म्हणतात. शेवटचे दाट थेंब एकेका पेल्यात मोजून टाकणे म्हणजे ‘हान शिन सैन्य मोजतो’. दोघेही जुने सेनापती, कथा-नाटकांतून घरोघरी पोचलेले.

या पद्धतीला गोंगफू चहा म्हणतात. वेळ देऊन, हात बसवून केलेले काम असा त्या शब्दाचा भाव आहे. आज चिनी चहा म्हटले की जगाच्या डोळ्यांपुढे याच पद्धतीचे कोणते ना कोणते रूप येते. परदेशी पाहुण्यांपुढच्या प्रात्यक्षिकात, चहाच्या वर्गात, उंची हॉटेलांत, पर्यटनाच्या चित्रफितीत तेच छोटे भांडे आणि तेच छोटे पेले दिसतात. ‘हजारो वर्षांची चिनी चहापरंपरा’ असे त्याचे वर्णन केले जाते.

पण 1930 साली बीजिंगच्या एखाद्या चहाघरात कोणी हे सारे मांडून बसला असता, तर शेजारच्या बाकावरची माणसे त्याच्याकडे कुतूहलाने पाहत राहिली असती. बीजिंगचा चहा म्हणजे मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला, झाकणाच्या पेल्यातला. हांगझोउमध्ये वसंतात खुडलेली लोंगजिंगची हिरवी पाने थेट पेल्यात टाकून त्यावर पाणी ओततात आणि पाने तशीच राहू देऊन पितात. सिचुआनमधल्या चेंगडूत बांबूच्या खुर्च्या, बशीवर ठेवलेला झाकणाचा पेला, लांबून पाणी ओतणारा वाढपी आणि दिवसभर चालणाऱ्या गप्पा. इतिहासकार वांग दी यांनी या शहराच्या चहाघरांवर आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे साडेचारशेच्या आसपास चहाघरे होती, म्हणजे जवळजवळ प्रत्येक गल्लीला एक. तिथे भांडणे मिटत, सौदे होत, कानातला मळ काढणारे फिरत, कथेकरी कथा सांगत. तिबेटात विटेसारखा दाबलेला चहा उकळून, मीठ आणि लोणी घालून घुसळतात. मंगोल लोक चहात दूध आणि मीठ घालतात. दूध घालून उकळलेला चहा चिनी परंपरेबाहेरचा असे आपल्याकडे अनेकांना वाटते, ते बरोबर नाही. कोणत्या चीनबद्दल आपण बोलतो आहोत, एवढे आधी ठरवावे लागते.

मग एका कोपऱ्यातल्या जिल्ह्याची सवय साऱ्या देशाची ओळख कशी झाली? या पुस्तकातील प्रकरणे ज्या एका प्रश्नाभोवती फिरतात तो हा.

इतिहासात मागे जाऊन पाहिले तर पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की चीनने आपली चहाची रीत निदान दोनदा मुळापासून बदलली. तांग काळात, आठव्या शतकात, लु यू याने चहावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळी चहाच्या वड्या भाजून, कुटून, उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून शिजवत. कांद्याची पात, आले, संत्र्याची साल घालणाऱ्यांवर तो रागावलेला दिसतो, म्हणजे तसे घालणारे पुष्कळ होते. सोंग काळात चहाची बारीक पूड करून, पेल्यातच बांबूच्या कुंचल्याने फेसाळ घुसळत. कोणाचा फेस जास्त टिकतो याच्या स्पर्धा लागत, आणि पांढरा फेस उठून दिसावा म्हणून फुजियानमधल्या भट्ट्यांतले काळे पेले नावाजले गेले. ह्वीझोंग या सम्राटाने तर 1107 च्या सुमारास स्वतः चहावर पुस्तक लिहिले. पुढे मिंग घराण्याच्या संस्थापकाने 1391 साली फर्मान काढले, की नजराणा म्हणून दाबलेल्या चहाच्या वड्या आणू नयेत, सुटी पाने आणावीत. वड्या करण्यात प्रजेची फार शक्ती जाते, हे कारण. सुटी पाने आली तशी ती भिजवायला भांडी लागली, आणि यीशिंग गावच्या मातीच्या किटल्यांना चांगले दिवस आले. घुसळलेला चहा चीनमधून हळूहळू गेला. जपानने तो आधीच बौद्ध भिक्षूंच्या हातून घेतला होता. तिथे तो राहिला आणि वाढला.

याच गोष्टीवर बोट ठेवून ओकाकुरा काकुझो यांनी 1906 साली इंग्रजीत चहावरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. आपल्याकडे ते रवींद्रनाथांचे आणि विवेकानंदांचे जपानी स्नेही म्हणून ओळखीचे आहेत. त्यांचे म्हणणे असे, की मंगोल स्वाऱ्यांनी सोंग संस्कृती मोडली आणि चहामागचा विचारही तिच्याबरोबर गेला. आजच्या चिनी माणसासाठी चहा हे एक छान पेय आहे, ध्येय नव्हे. पाश्चात्त्य वाचकांनी हे मत जसेच्या तसे स्वीकारले. मला ते अन्यायाचे वाटते. मिंग आणि चिंग काळातल्या विद्वानांनी चहावर जेवढे प्रेमाने लिहिले, त्याकडे ओकाकुरा यांनी पाठ फिरवली. पण त्या वाक्यांची बोच खरी होती, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चिनी चहावाल्यांनी जे जे उभे केले त्यातले बरेचसे या बोचेला दिलेले उत्तर आहे.

दुसरा घाव बाजारातला, आणि त्यात मुंबईचा हात होता. एकोणिसाव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी कँटनहून चहा नेई आणि बदल्यात चांदी मोजावी लागे. ती चांदी वाचवायला अफूचा व्यापार वाढवला गेला. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई, माळव्याची मुंबईहून. जमशेटजी जीजीभाईंसारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची संपत्ती कापूस आणि अफूच्या याच फेऱ्यांवर उभी राहिली. या शहरातल्या रुग्णालयांच्या आणि विद्यालयांच्या दगडांत कँटनचा पैसा आहे. अफूच्या युद्धानंतर कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतितज्ज्ञाला चीनमध्ये पाठवले. 1848 पासूनच्या दोन-तीन वर्षांत त्याने चहाची रोपे, बिया आणि कारागीर हिमालयातल्या मळ्यांसाठी बाहेर काढले. 1880 चे दशक संपता संपता ब्रिटिश बाजारात भारतीय चहाने चिनी चहाला मागे टाकले. यंत्राने केलेला भारतीय चहा स्वच्छ आणि हाताने केलेला चिनी चहा भेसळीचा, असा प्रचार इंग्लंडमध्ये जोरात झाला. चहाच्या जन्मभूमीला चहाच्याच बाजारात हरवले गेले ही जखम आजही चिनी लेखनात ओली आहे. ‘चहा आमचा’ या आग्रहामागे ती असते.

देशातल्या देशातही चहाबद्दल एकमत नव्हते. लेखक लू शुन यांनी 1933 साली चहा पिण्यावर एक छोटा लेख लिहिला. सवलतीत घेतलेला चांगला चहा लिहिण्याच्या नादात प्यायला तर नेहमीच्या चहासारखाच लागला, असे सांगत ते मुद्द्यावर येतात : चांगल्या चहाची चव कळायला सवड लागते, आणि तहानेने घसा कोरडा पडलेल्या मजुराला उंची चहा आणि गरम पाणी यांत फरक जाणवणार नाही. आज चीनमध्ये चहाच्या नाजूक चवीबद्दल जे प्रचंड लेखन होते, त्यातल्या बहुतेकांनी हा लेख पुन्हा वाचायला हवा.

आता चाओझोउच्या पेल्यांचा प्रवास. तो मुख्य भूमीवर घडला नाही, घडला तैवानमध्ये. फुजियान आणि ग्वांगडोंगमधून गेलेल्या लोकांबरोबर छोट्या भांड्यातला चहा तिथे आधीच पोचला होता, पण तो वडीलधाऱ्यांचा, गावाकडचा मानला जाई. तैवानचा चहा निर्यातीसाठी पिके. 1970 च्या दशकात मजुरी वाढली, निर्यात घसरली आणि मळेवाल्यांना घरचे गिऱ्हाईक शोधावे लागले. राजकीय हवाही वेगळी होती. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत तिकडे जुने मोडले जात असताना तैवानचे सरकार स्वतःला चिनी संस्कृतीचे राखणदार म्हणवत होते. 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांतली जागा गेल्यावर तो दावा आणखी महत्त्वाचा झाला. या सगळ्यातून त्या दशकाच्या अखेरीस ‘चहाची कला’ हे नवे नाव रुळले. जपानच्या ‘चहाच्या मार्गा’पेक्षा ते मुद्दाम वेगळे निवडले होते. चहाच्या कलेची केंद्रे निघाली, शिकवण्या सुरू झाल्या, चहाघरे उघडली. तैपेईत 1981 मध्ये झोउ यू यांनी आपल्या वडिलांच्या जपानी काळातल्या घरात ‘झितेंगलू’ सुरू केले. मार्शल लॉच्या त्या वर्षांत सरकारला नको असलेले लेखक, चित्रकार, विरोधी कार्यकर्ते तिथे जमत. पुढे शहराने ती वास्तू वारसास्थळ म्हणून जाहीर केली.

या वर्षांत तैवानच्या चहावाल्यांनी चाओझोउची कृती उचलली आणि तिच्यात पुष्कळ बदल केले. भांड्यातला चहा आधी एका मोठ्या पात्रात ओतायचा आणि तिथून सर्वांना सारखा वाटायचा, असे ‘न्यायाचे पात्र’ आले. त्यामुळे ग्वान यूची गस्त आणि हान शिनची मोजणी दोन्ही अनावश्यक झाली. केवळ वास घेण्यासाठी उंच, अरुंद पेला आला. लाकडी चिमटे आणि चमच्यांचा संच, टेबलावर अंथरलेले कापड, एखादी फुलाची काडी, आणि मुख्य म्हणजे शांतता. चाओझोउत चहा पिताना लोक मोठ्याने बोलतात, भाव करतात, सिगारेट ओढतात. तैवानच्या नव्या चहात हात सावकाश फिरू लागले आणि बोलणे कमी झाले. इतिहासकार लॉरेन्स झांग यांनी 2016 साली एका लेखात दाखवून दिले, की या सावकाशीत, या मांडणीत आणि या गांभीर्यात जपानी चहाविधीचा मोठा वाटा आहे. पन्नास वर्षे जपानी वसाहत राहिलेल्या बेटावर तो असणारच. त्यांच्या लेखाने काही लोक दुखावले. मला त्यात दुखावण्यासारखे काही दिसत नाही. जपानचा पानांचा चहा, ज्याला सेंचा म्हणतात, तो तरी कुठून आला? सतराव्या शतकात फुजियानहून जपानला गेलेल्या यिनयुआन या भिक्षूच्या पंथाबरोबर मिंग काळातली सुट्या पानांची रीत तिथे गेली. समुद्राच्या त्या भागात चहाची देवघेव शतकानुशतके दोन्ही दिशांनी चालत आली आहे. ज्याला शुद्ध चिनी किंवा शुद्ध जपानी चहा हवा आहे, त्याला तो मिळणार नाही.

मुख्य भूमीवर याच काळात काय होते? सांस्कृतिक क्रांतीत चहाघरे बंद पडली होती. 1979 मध्ये बीजिंगच्या च्येनमेन भागात यिन शेंगशी यांनी बेरोजगार तरुणांना हाताशी धरून रस्त्यावर मोठ्या वाडग्यातला चहा विकायला सुरुवात केली, वाडगा दोन फेनला, म्हणजे युआनच्या पन्नासाव्या हिश्शाला. त्यातूनच 1988 मध्ये ‘लाओ श चहाघर’ उभे राहिले. नाटककार लाओ श यांच्या गाजलेल्या नाटकात एका चहाघराचा पन्नास वर्षांतला ऱ्हास दाखवला आहे, आणि ते स्वतः 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांतीचे बळी ठरले. त्यांच्या नावाने आज तिथे पर्यटकांना जुन्या बीजिंगचा खेळ आणि चहा मिळतो. दोन फेनचा वाडगा दाराशी अजून विकला जातो हे मला त्या जागेतले सर्वांत आदराचे वाटते.

तैवानची चहाकला 1980 च्या दशकाच्या अखेरीस सामुद्रधुनी ओलांडून परतली आणि मुख्य भूमीने ती आपली म्हणून घेतली. 1990 मध्ये हांगझोउचे चहातज्ज्ञ झुआंग वानफांग यांनी चिनी चहाची चार मूल्ये मांडली : साधेपणा, सौंदर्य, सलोखा आणि आदर. जपानी चहाच्या चार तत्त्वांशी ती ताडून पाहिली, तर कोणाला उत्तर दिले जात होते हे कळते. 1991 मध्ये हांगझोउत राष्ट्रीय चहा संग्रहालय उघडले. 1999 मध्ये ‘चहा कलाकार’ हा सरकारी व्यवसाय-सूचीतला अधिकृत पेशा झाला. त्याच्या परीक्षा आहेत, श्रेणी आहेत, प्रमाणपत्रे आहेत. रेशमी चिपाओ घातलेली तरुणी, मागे गुझेंगची धून, ठरलेल्या मुद्रा, असे जे चित्र आपण पाहतो ते या पेशाचे आहे. त्या मुलींच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, पण चहा पिणाऱ्याला निव्वळ प्रेक्षक करून टाकणारा हा प्रकार मला त्या परंपरेतला सर्वांत दुबळा भाग वाटतो.

युन्नान प्रांताची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पु-अर चहा हा तिथल्या डोंगरांतला. दाबून चकत्या केलेला, खेचरांच्या तांड्यांनी तिबेटपर्यंत जाणारा, हाँगकाँगच्या खानावळीत स्वस्तात मिळणारा. साठवल्याने तो मुरत जातो. हे मुरणे लवकर घडवण्यासाठी 1973 मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात पाने ओली करून, ढीग घालून आंबवण्याची पद्धत बसवली गेली. आज ‘पिकलेला’ पु-अर म्हणून मिळतो तो हा, आणि त्याचे वय पन्नास वर्षांहून फार जास्त नाही. 1990 च्या दशकात तैवानचे रसिक जुन्या चकत्यांच्या शोधात हाँगकाँगच्या गोदामांत आणि मग थेट युन्नानच्या यीवू गावात पोचले. त्याच सुमारास युन्नानच्या काही अभ्यासकांनी तांड्यांच्या वाटा पायी तुडवून त्यांना ‘चहा-घोडे प्राचीन मार्ग’ असे नाव दिले. वाटा जुन्या होत्या, नाव नवे. पुढे पु-अरच्या भावांचा फुगा फुगला. 2007 मध्ये सिमाओ शहराने स्वतःचे नाव बदलून पु-अर ठेवले, आणि त्याच वर्षी फुगा फुटला. कर्ज काढून चकत्या साठवणारे बुडाले. ज्यांनी पाने खुडली होती त्यांच्या हाती चढत्या भावातला वाटा उशिरा आला होता आणि पडत्या भावाचा फटका लगेच बसला.

त्या डोंगरांत हान चिनी लोक उशिरा आले. जिंगमाई डोंगरावर ब्लांग आणि दाई लोक शेकडो वर्षे जंगलाच्या सावलीत चहाची झाडे जपत आले आहेत. ब्लांग लोकांची एक कथा आहे. त्यांचा पूर्वज पा आय लंग मरताना म्हणाला, गुरे ठेवली तर रोगराईत मरतील, सोनेचांदी ठेवली तर खर्चून जाईल, म्हणून तुमच्यासाठी चहाची झाडे ठेवून जातो. हे लोक चहाची पाने आंबवून भाजीसारखी खातात, मातीच्या मडक्यात भाजून कडक काढा करतात. 2023 च्या सप्टेंबरमध्ये जिंगमाईची जुनी चहावने जागतिक वारशाच्या यादीत गेली. गोंगफू चहाच्या टेबलावर ब्लांग आणि दाई लोकांची पाने फार वर्षे आधीपासून होती. त्या टेबलाभोवती त्यांना जागा मात्र क्वचितच मिळाली.

याच्या आदल्या वर्षी, 2022 च्या नोव्हेंबरमध्ये, मोरोक्कोतल्या रबात येथे युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहा-निर्मितीला आणि तिच्याशी जोडलेल्या रूढींना मानवतेच्या अमूर्त वारशाचा मान दिला. त्या एका नोंदीत 15 प्रांतांतले 44 प्रकल्प आहेत. चाओझोउची पद्धत त्या 44 पैकी एक आहे. मला हा आकडा मोलाचा वाटतो. सरकारी कागदाने नकळत का होईना सांगून टाकले, की चिनी चहा एक नाही.

नव्या पिढीबद्दल इथे थोडेच लिहितो, कारण शेवटची दोन प्रकरणे तिच्यावरच आहेत. 2012 मध्ये ग्वांगडोंगमधल्या जियांगमेन शहराच्या एका गल्लीत सुरू झालेले ‘हे-टी’, झेंगझोउचे ‘मिशुए’, युन्नानचे ‘चाजी’ या साखळ्यांनी थंड, गोड, दुधाळ, फळांचा चहा शहराशहरांत नेला. 2024 च्या अखेरीस एकट्या ‘मिशुए’ची दुकाने पंचेचाळीस हजारांहून अधिक होती. जुने रसिक याला चहा मानायला तयार नाहीत. पण फेंगहुआंग डोंगरावरचा एक जातिवंत ऊलोंग चहा, ज्याला तिथले शेतकरी पूर्वापार ‘बदकाच्या विष्ठेचा सुगंध’ म्हणतात, तो लाखो तरुणांना लिंबाच्या चहातूनच ठाऊक झाला. सुसंस्कृत नाव देण्याचा प्रयत्न झाला होता; लोकांनी जुनेच धरून ठेवले. दुसरीकडे, 2022 मध्ये एका ऐतिहासिक मालिकेत सोंग काळची चहास्पर्धा दिसली आणि हानफू हा जुना चिनी वेश घातलेले तरुण पूड घुसळायला बसले. सहाशे वर्षांपूर्वी मावळलेली ती रीत परत आणताना ह्वीझोंगचे पुस्तक कामी आले आणि जपानने जपलेला बांबूचा कुंचलाही. ही मुले खेळ करतात असे म्हणणे सोपे आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्या गोष्टी मोडल्या गेल्या त्या तुकडे गोळा करूनच पुन्हा उभ्या कराव्या लागतात, आणि तुकडे जिथे मिळतील तिथून घ्यावे लागतात. आक्षेप घ्यायचा तर तो ‘अखंड परंपरा’ म्हणताना वापरल्या जाणाऱ्या ‘अखंड’ या शब्दावर घ्यावा, कारण तो विकण्यासाठी वापरला जातो आणि मधल्या माणसांचे श्रम झाकतो.

आणि जिच्यावर कोणी चित्रफीत काढत नाही अशी एक परंपरा सर्वांत जास्त जिवंत आहे. झाकणाच्या काचेच्या बाटलीत चिमूटभर पाने, त्यावर गरम पाणी, संपले की पुन्हा पाणी. टॅक्सीचालक, शिक्षक, पहारेकरी, कारकून, सगळ्यांच्या हाताशी ती असते. रेल्वेच्या डब्यात आणि स्थानकावर उकळत्या पाण्याचे नळ असतात ते याच्यासाठी.

वाचकांना तीन सूचना. चिनी नावे इथे प्रमाण चिनी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. चाओझोउची बोली त्याहून फार वेगळी आहे, आणि तिथला माणूस आपल्या शहराचे नाव असे उच्चारत नाही. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील, पण युन्नानचे आधी वाचावे अशी विनंती आहे, कारण बाकीची सारी चर्चा पेल्यापासून सुरू होते आणि ते एकटेच झाडापासून. चिनी चहा विकत घ्यायचा मोह झालाच, तर वेष्टनावरच्या ‘प्राचीन’ या शब्दावर जाऊ नका. डोंगराचे किंवा गावाचे नाव, खुडणीचे वर्ष आणि चहा करणाऱ्याचे नाव शोधा. ही तिन्ही नसतील तर तो चहा घेऊ नका.